मुलं डोक्यावर बसत नाहीत का?

पालकांशी बोलताना किंवा नव्याने शिकवू लागलेल्यांसमोर उभी राहिले की एक प्रश्न येतोच: “मुलांशी इतकं हळुवार वागता, मग ती डोक्यावर बसत नाहीत?”

नाही बसत. आणि तुम्ही विचारलंत म्हणून कारणही सांगते.

हातच्याची बेरीज करताना आकडे, हातचा आणि पुढची पायरी हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. मानसशास्त्रात याला कार्यरत स्मृती म्हणतात आणि तिथली जागा फार तोकडी असते. “चुकलं तर सगळे हसतील” ही धास्ती नेमकी तीच जागा अडवते. म्हणून वहीत बिनचूक गणित करणारी मुलगी फळ्यासमोर गोठून जाते. तिच्यावर आवाज चढवला तर धास्ती वाढते आणि गणिताला उरलेली जागाही जाते. आपण शिकवायला उभे असतो आणि तिचं शिकणं आपणच थांबवतो, हे मला सहन होत नाही.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून शिक्षक प्रश्नानंतर किती थांबतात ते मोजलं. सरासरी जेमतेम १ सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न दुसऱ्या मुलाकडे. शिक्षक ३ सेकंद किंवा जास्त थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली, “माहीत नाही” कमी झालं, न विचारताही मुलं बोलू लागली. तिला दिसलेली आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. शिक्षक ज्यांना हुशार समजत त्यांच्यासाठी ते जास्त थांबत, कच्च्या समजलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळ हवा त्यालाच तो मिळत नव्हता. अभ्यासक्रम संपवायचा कधी, असं कुणी म्हणालं की मी या ३ सेकंदांकडे बोट दाखवते.

आता शिस्त. जेकब कुनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांच्या चित्रफिती तपासून १९७० साली पुस्तक लिहिलं. गडबड झाल्यावर शिक्षक किती कडक बोलतात, यावरून शांत आणि गोंधळी वर्गांतला फरक उलगडेना. फरक आधीच्या गोष्टींत होता: आपल्या प्रत्येक हालचालीवर बाईंचं लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, तास न अडखळता पुढे सरकतो का. म्हणून मी बाकांमधून फिरत राहते. कुणी भरकटला तर जवळ जाऊन हलक्या आवाजात विचारते, “कुठवर आलास? पुढचं एक कर, मी बघायला येते.” आणि खरंच जाते. न गेले तर त्या बोलण्याला काही किंमत राहत नाही.

गृहपाठ मी माफ करत नाही. एखादीचा राहिला असेल तर का राहिला ते तिला एकटीला विचारते, नवी तारीख तिच्याकडूनच घेते आणि त्या दिवशी वही मागते. हात उगारणाऱ्याला म्हणते, “तुला खूप राग आलाय, दिसतंय मला. मारायचं मात्र नाही.” यातलं दुसरं वाक्य पहिल्याइतकंच शांतपणे पण ठामपणे म्हणायला सराव लागतो.

रडणाऱ्या मुलाला सगळ्यांदेखत “काय झालं?” विचारू नये, असं मी नव्या शिक्षकांना आवर्जून सांगते. सगळा वर्ग वळून बघतो आणि त्याचं रडं आणखी अवघड होतं. “पाणी पिऊन ये, बोलावंसं वाटलं तर मधल्या सुट्टीत बोलू,” एवढं बास. बरीच मुलं बोलतच नाहीत, नुसती जवळपास रेंगाळतात. तेही चालतं.

कधी मात्र मूल असं काही सांगतं की ऐकून घेणं पुरत नाही. घरी मार बसतो, कुणी नको तसा हात लावतो. “कुणाला सांगणार नाही ना?” असं त्याने विचारलं तर मी शब्द देत नाही. “तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल त्यांना सांगेन, पण आधी तुला सांगून,” असं म्हणते. आणि त्याच दिवशी समुपदेशकांना आणि मुख्याध्यापकांना भेटते. असल्या गोष्टीत उद्यापर्यंत थांबायचं नसतं.