साडेचार किलोची सॅक

रविवार, रात्र

दुपारी ताईकडे वर्तकनगरला गेले तर भाचा हॉलमध्ये फरशीवर सगळं सामान मांडून बसलेला आणि मधोमध ताईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा. टूथब्रश ठेवला, आकडा वहीत लिहिला, मग पठ्ठ्याने ब्रशचा दांडा पक्कडीने अर्धा तोडला आणि उरलेला तुकडा परत काट्यावर. ताई आतून ओरडली, अरे तो काटा मला संध्याकाळी लागणारे, पुसून ठेव. डिसेंबरात चौघं मित्र मिळून रतनगड ते हरिश्चंद्रगड करणारेत, याची पहिलीच रेंज, म्हणजे एका गडावरून दुसऱ्या गडापर्यंत डोंगररांगेतून चालत जायचा ट्रेक. माहुली, पेब, कळसूबाई असे एकदिवसाचे झालेत पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन मुक्काम करत चालणं वेगळं. मला बघून म्हणाला, मावशी बरं झालं आलीस, बेस वेट साडेचार किलोच्या आत आणायचंय, काय काय काढू सांग.

हे साडेचार किलोचं भूत अमेरिकेतून आलंय. महिनाभर रोज रात्री तो तिकडच्या लांब पल्ल्याच्या हायकर्सचे व्हिडिओ बघतोय. अन्न, पाणी, इंधन सोडून सॅकमध्ये जे उरतं ते दहा पाउंडांच्या आत बसवलं की तिकडे माणूस अल्ट्रालाइट म्हणवून घेतो, आणि दहा पाउंड म्हणजे साधारण साडेचार किलो. त्यांचं बरोबरच आहे म्हणा, अपालाचियन ट्रेल म्हणजे जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत 14 राज्यांमधून साधारण 3,500 किलोमीटर, पाच ते सात महिने चालायचं, आणि पॅसिफिक क्रेस्ट तर मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत सव्वाचार हजार किलोमीटरच्या वर. तिथे चार-पाच दिवसांचं खाणं पाठीवर घेऊन दोन गावांमधलं रान कापायचं, पुढच्या गावातल्या पोस्टात स्वतःच स्वतःच्या नावाने आधी पाठवून ठेवलेला खोका सोडवायचा, भरायचं आणि परत रानात. असं महिनोन्महिने करायचं असेल तर टूथब्रशचा दांडासुद्धा तोडावा. आपल्याला दोन मुक्काम करायचेत राजा, दांड्याने दात घास.

पण मुलगा अभ्यास करतोय याचं मला आतून कौतुकच वाटलं. आमच्या वेळी काय होतं, कोणीतरी आधी गेलेला भेटायचा, एका कागदावर खिंड, ओढा, वाडी असं काढून द्यायचा आणि वर म्हणायचा, सोपंय, वाट मळलेली आहे.

त्याला मी एमा गेटवुडबद्दल सांगितलं, जिला सगळे ग्रँडमा गेटवुड म्हणायचे. 1955 साली वयाच्या 67व्या वर्षी ही बाई एकटी अख्खी अपालाचियन ट्रेल एका सीझनमध्ये चालली, असं करणारी पहिली बाई. अकरा मुलांची आई. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी, टेंट नाही, स्लीपिंग बॅग नाही, पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. भाचा दोन मिनिटं गप्प. मग म्हणतो, म्हणजे तीच खरी अल्ट्रालाइट. मी म्हटलं हो, पण तिच्याकडे वजनकाटा नव्हता, आणि वाटेवरच्या लोकांच्या घराचं दार वाजवायला ती लाजत नव्हती. हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

कारण आपल्याकडची लांब वाट रानातून जाते तशीच वाडीतूनही जाते. रतनवाडीहून निघालं, रतनगडाच्या फाट्यावरून कात्राबाईची खिंड धरली की रान आहे खरं, झाडी आहे, आजोबाचा डोंगर बाजूला उभा आहे, पण खिंड उतरून संध्याकाळी कुमशेतला पोचलं की माणसं आहेत, चूल आहे, पडवी आहे. दुसऱ्या दिवशी पेठेची वाडी, मग पाचनई, तिथेही घरं. म्हणजे स्टोव्ह, गॅसचा डबा, टोप, तीन वेळचे नूडल्स हे सगळं काढून टाकलं तरी कोणी उपाशी मरत नाही आणि ब्रशच्या दांड्यापेक्षा कितीतरी जास्त वजन एका फटक्यात कमी होतं. हे ऐकून त्याचा चेहरा पडला कारण तो स्टोव्ह त्याने नुकताच घेतलाय, बोटभर उंचीचा, दिसतो मात्र गोड.

आता याची दुसरी बाजू, आणि ती व्हिडिओवाल्यांना सांगायची गरज पडत नाही. गावावर विसंबायचं तर गावात नीट जावं लागतं. आधी फोन करायचा, किती जण, कधी येणार, शाकाहारी किती. उजेड असताना पोचायचं, डिसेंबरात साडेसहाला अंधार गुडुप होतो, आणि रात्री नऊला चार डोकी दारात उभी राहून मामा जेवण मिळेल का म्हणतात तेव्हा त्या घरातली बाई विझवलेली चूल परत पेटवते, नाही म्हणत नाही, आपण मात्र समजून घ्यायला हवं. कुमशेतला मी एकदा चुलीपाशी बसून बघितलंय, नागलीचं पीठ गरम पाण्यात मळून वहिनी परातीत भाकरी थापत होत्या, एका हाताने थापायची आणि दुसऱ्या हाताने लाकडं आत सारायची, धुरात डोळे बारीक केलेले, आणि बाहेर आमच्या ग्रुपमधला एक जण विचारत होता अजून किती वेळ. मला इतकी लाज वाटली. पैसे विचारले की ते म्हणणार द्या काय द्यायचं ते, म्हणून आकडा आधीच ठरवायचा आणि तो देताना घासाघीस करायची नाही. अंगात महागडं जॅकेट घालून भाकरीच्या पैशात घासाघीस करणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्याबरोबर परत जात नाही.

आणि गावात अंतर विचारायचं नाही, वेळ विचारायची नाही. हे काय दहा मिनिटं, असं सांगणारे मामा डोक्यावर मोळी घेऊन अनवाणी तो चढ चढतात, त्यांची दहा मिनिटं खरीच असतात. विचारायचं ते असं की वाटेत पाणी कुठे आहे, फाटा कुठे लागतो आणि डावीकडे जायचं नाही की उजवीकडे. कुठे जायचं नाही हे विचारलं की उत्तर नेमकं मिळतं, हा माझा अनुभव आहे.

अपालाचियनवर झाडांवर दोन इंच रुंद सहा इंच उंच पांढरे पट्टे मारलेले असतात, अख्खी वाट, एकामागून एक. आपल्याकडे कुठे बाण, कुठे एकावर एक रचलेले दगड, आणि बाकी सगळा ढोरवाटांचा घोळ. गुरं चरायला जिथे जिथे गेलीत तिथे तिथे वाट मळलेली दिसते, खऱ्या वाटेपेक्षा छान, आणि पंधरा मिनिटांनी ती कारवीच्या झुडपांत विरून जाते. फोनमध्ये वाटेचा जीपीएस ट्रॅक घालून ठेव म्हटलं, पण ट्रॅकवर नजर लावून चालू नकोस, आणि खिंडीच्या टप्प्यासाठी गावातून वाटाड्या घे. पहिलीच रेंज आहे, चौघांत भागला तर काही जड नाही, शिवाय त्या माणसाला झाडं माहीत, पाणी माहीत, मधमाश्यांचं मोहोळ कुठल्या कड्याला आहे ते माहीत. परफ्यूम, डिओ घरी ठेवायचे, कड्याखाली शेकोटी आणि सिगरेट नाही, आग्या माश्या उठल्या की पळायला जागा नसते.

पाण्यावर आमचं भांडण झालं. त्याने एक लिटरची एक बाटली धरली होती कारण व्हिडिओतली ती मुलगी दर ओढ्यावर गाळून पिते. अरे तिचे ओढे वाहतात! आपले दिवाळीनंतर एकेक करून आटायला लागतात, डिसेंबरात कुठे असतं कुठे नसतं. माणशी तीन लिटर घेऊन निघायचं, म्हणजे तीन किलो पाठीवर आलेच, आणि जिथे चांगलं पाणी दिसेल तिथे आधी पोटभर प्यायचं मग भरायचं. तसं पॅसिफिक क्रेस्टवरही सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात रखरखाट आहे, तिथे हेच अल्ट्रालाइटवाले लिटरच्या लिटर वाहतात, तो भाग त्याने पुढे ढकलून बघितला असावा.

स्लीपिंग बॅग काढून त्याने पातळ लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायचं नुसतं अस्तर, घेतला होता तो मी उचलून बाजूला ठेवला. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरच्या रात्री कोकणकड्यावरून वारं येतं तेव्हा ठाण्याचा माणूस, ज्याला पंखा दोनवर केला की थंडी वाजते, तो रात्रभर बसून काढतो. वजन वाचवायचं तर जीन्समध्ये वाचव, पॉवरबँक चौघांत दोन पुरतील, टॉवेलऐवजी पंचा घे. हेडटॉर्च मात्र प्रत्येकाचा वेगळा.

पायांच्या बाबतीत तिकडचं सगळं जसंच्या तसं घ्यावं, तिथे वाद नाही. चालून पाय सुजतात म्हणून बूट अर्धा नंबर मोठा, नखं दोन दिवस आधी कापलेली, नाहीतर उतारावर अंगठा काळानिळा. टाचेला नुसतं गरम लागायला लागलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावायची, फोड आल्यावर नाही, आणि बाकीचे पुढे गेले तर जाऊ देत, हाक मारायची. हे सगळ्यात अवघड आहे कारण पहिल्या तासात कोणालाच थांबायचं नसतं. मोजे दुपारी बदलायचे, ओले सॅकच्या बाहेर अडकवून वाळवायचे. मांड्यांना व्हॅसलिन, यावर तो हसला, हसू दे. सकाळी बूट उलटे आपटून मग पाय घालायचे, विंचू बसलेला असतो.

प्रॅक्टिससाठी त्याला म्हटलं सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भर आणि उपवनहून यऊरच्या गेटपर्यंतचा चढ मार, आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि बिल्डिंगचे जिने उतर. चढून ये लिफ्टने हवं तर पण उतर पायी. गुडघे चढताना जात नाहीत, उतरताना जातात, आणि शेवटच्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचंय.

संडासाचा विषय मीच काढला कारण मुलं काढत नाहीत. पाण्यापासून साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, मग माती लोटायची, आणि कागद वापरलाच तर पिशवीत घालून परत. गडावरच्या टाक्याचं पाणी लोक पितात, तिथे ताट धुवायचं नाही, तोंड धुवायचं नाही, बाटलीत काढून घेऊन लांब जायचं. दर शनिवारी गडावर गर्दी होते आणि सोमवारी टाक्यावर साबणाचा फेस असतो, याची मला भयंकर चीड येते, एवढी की भाचा म्हणाला मावशी मी नाही केलं ते.

अपालाचियनला निघालेल्यांपैकी साधारण चारातला एकच शेवटपर्यंत पोचतो म्हणे. बाकीचे पाय, पैसे, घरची आठवण, पाऊस, काहीही कारणाने परततात, आणि तिकडचे अनुभवी लोक त्यात कमीपणा मानत नाहीत. हे मला आवडतं. आपल्याकडे एकाचा गुडघा दुखायला लागला की बाकीचे त्याची सॅक वाटून घेतात आणि त्याला ओढत नेतात, ट्रेक पूर्ण झाला पाहिजे म्हणून. चौघांनी निघायच्या आधीच ठरवून टाका म्हटलं, की कुमशेतला एक जरी म्हणाला नको तर सगळे तिथून गाडी करून परत, नो चर्चा. यावर तो हो म्हणाला, पण पटलं असं वाटलं नाही.

मग ताई चहा घेऊन आली आणि तिचं खरं काय ते बाहेर पडलं, फोन लागेल ना याचा. कुमशेतच्या बाजूला रेंजचा भरवसा धरायचा नाही असं मी तिला स्वच्छ सांगितलं. कागदावर वाटेतली गावं, मुक्कामाच्या घरांचे फोन आणि परतीचा रस्ता लिहून दिला, खिरेश्वर, खुबी फाटा, तिथून माळशेजमार्गे कल्याणची एसटी. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन नाही आला तर आधी मला सांग, मी पाचनईला फोन लावते. तो कागद तिने फ्रिजवर लावला, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. स्टोव्ह न्यायचा की नाही ते मुलं बुधवारी भेटून ठरवणारेत.