बगलेतली गाठ

मला मेन कून जातीचा बोका हवा होता तो शेपटीसाठी. खोटं कशाला बोलू? खारीसारखी झुपकेदार शेपूट, कानांच्या टोकांना तुरे, गळ्याभोवती आयाळ. फोटो बघून बघून माझं आधीच ठरून गेलं होतं. ब्रीडर बाईंना पहिल्याच फोनवर मी रंग कोणकोणते आहेत ते विचारलं. त्या म्हणाल्या, "रंगाचं नंतर बघू. हृदयाचं काहीच नाही विचारलंत?"

विचारणार काय, मला माहीतच नव्हतं. या जातीत हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी नावाचा आजार आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते, वरून काही कळत नाही, आणि एखादा तरणाबांड बोका खेळता खेळता कोसळतो. त्यामागचा एक जनुकीय दोष २००५ मध्ये सापडला. साधारण तीनांतल्या एका मेन कूनमध्ये तो असतो. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून चाचणी होते. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण हा दोष नसलेल्या मांजरांनाही आजार होतो. म्हणून ज्यांची पिल्लं घ्यायची त्या आईबापांची हृदयाची सोनोग्राफी ठरावीक काळाने करत राहावी लागते. बाईंनी दोघांचे रिपोर्ट समोर ठेवले, वर खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे. त्याआधी मी एकीकडे जाऊन आले होते, तिथे आठ आठवड्यांचं पिल्लू लगेच हातात द्यायला तयार होते आणि आई मात्र "आत झोपलीय". या बाई तेरा आठवड्यांच्या आत पिल्लू सोडत नव्हत्या. तोवर दोन्ही लशी होतात, आणि मुख्य म्हणजे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून चावायचं किती ते शिकतं.

दोन बोके शिल्लक होते. मला आवडला तो चांदीच्या रंगाचा. बाईंनी दुसऱ्याला उचललं, तपकिरी पट्ट्यांचा, कान डोक्यापेक्षा मोठे. त्याचा चेहरा बाजूने दाखवत त्यांनी नाकाच्या टोकापासून हनुवटीपर्यंत बोट उभं धरलं. "हे बघा, हनुवटी मागे पळत नाहीये. तोंड चौकोनी, नाकाच्या रेषेला हलका बाक. नाक सरळ आणि तोंड त्रिकोणी असतं ना, तर हा नॉर्वेजियन फॉरेस्ट जातीचा दिसला असता." मग शेपटीच्या हाडावरून त्यांनी अगदी टोकापर्यंत बोटं फिरवली. कुठे गाठ किंवा मुडप असली तर मांजरांच्या शोमध्ये बाद. चांदीवाला सोफ्याखाली गेला होता. हा माझ्या बाहीचं बटण चघळत होता. झालं, तात्या घरी आला. कागदोपत्री त्याचं नाव चार शब्दांचं आहे, पण त्या नावाला तो वळूनही बघत नाही.

नसबंदीची अट करारातच होती. मला वाटलं, म्हणजे शो संपला. तसं नसतं. सीएफए या मांजरांच्या जाती नोंदवणाऱ्या संस्थेच्या शोमध्ये नसबंदी झालेल्यांचा प्रीमियरशिप हा वेगळा वर्ग असतो, आणि ज्याला घरात बोक्याच्या मुताचे फवारे नको आहेत त्याने त्याच वाटेने जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता केस. मेन कूनचे केस पर्शियनइतके गुंतत नाहीत असं सगळे सांगतात, आणि ते खरं आहे, पण या वाक्याने माझा घात केला. खांद्यावर केस आखूड, पोटाला आणि मागच्या मांड्यांना लांब, पाठीवरून फणी सुळकन फिरते आणि आपण खूश. मी आठवड्यातून दोनदा पाठ विंचरायची आणि काम झालं म्हणायची. तात्या दहा महिन्यांचा असताना त्याला उचलायला बगलेत हात घातला तर तो ओरडला. आत सुपारीएवढी गाठ, कातडीला चिकटलेली. मी नखं कापायची कात्री घेतली.

मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ ओढली की तीही वर येते, आणि केस कुठे संपले ते दिसत नाही. दोन टाके पडले. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त कात्री कुठली ते विचारलं. गाठ सोडवायची रीत मी नंतर शिकले. ती कधी भिजवायची नाही, नाहीतर नमद्यासारखी घट्ट बसते. मुळाशी दोन बोटांनी धरायची, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. थोडी कॉर्नस्टार्च भुरभुरायची आणि फणीच्या टोकाच्या दातांनी बाहेरून आत सोडवत जायची. नाहीच सुटली तर क्लिपर, तोही सवय असलेल्या माणसाच्या हातात. आता रोज संध्याकाळी आधी बगला, मग कानांमागे, मग मांड्या. पाठ शेवटी, ती फक्त त्याला बरं वाटावं म्हणून.

शोची तयारी म्हणजे मुख्यतः परक्या हातांची सवय. परीक्षक मांजराला टेबलावर उभं करतात, छातीखाली हात घालून उचलतात, अंग लांब करून बघतात. आम्ही महिनाभर ते जेवणाच्या टेबलावर केलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाने तात्याला उचलायचं, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचं. साडेसात किलो. दोघातिघांनी येणंच कमी केलं.

अंघोळ चार दिवस आधी घाला, असं बाईंनी बजावलं होतं. मी आदल्या रात्री घातली, स्वच्छ दिसेल म्हणून. पहिली पाच मिनिटं पाणी नुसतं वरून घरंगळत होतं आणि आतली कातडी कोरडी ठाक, इतका तो कोट पाणी झटकतो. शेवटी भिजला, धुतला, ड्रायरने वाळवला, आणि सकाळी समोर कापसाची गादी उभी. केस बसायला, त्यातलं थोडं तेल परत यायला दिवस लागतात ते असे.

दारात सगळी नखं कापलेली आहेत ना ते पाहिलं, कान पाहिले, पिसवा शोधल्या. मग पिंजऱ्याला आतून पडदे लावून बसायचं आणि नंबर पुकारण्याची वाट बघायची. शेजारच्या पिंजऱ्यापाशी बसलेल्या काकू पंचवीस वर्षं शो करत होत्या. त्यांच्याकडून कळलं की १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला शो कोझी नावाच्या मेन कून मांजराने जिंकला होता. मग पर्शियनांची लाट आली आणि ही जात मागे पडली, ती इतकी की सीएफएने तिला चॅम्पियनशिपसाठी मान्यता दिली थेट १९७६ मध्ये. मेन कून म्हणजे रकून या झुपकेदार शेपटीच्या अमेरिकन रानटी प्राण्याचा आणि मांजराचा संकर वगैरे गप्पाच, म्हणाल्या, तसं होऊच शकत नाही.

एकाच दिवसात वेगवेगळ्या रिंगांत वेगवेगळे परीक्षक तेच मांजर आपापल्या डोळ्यांनी बघतात. पहिल्या रिंगमध्ये तात्या टेबलावर पोळीसारखा पसरला. दुसऱ्यात उभा राहिला, पण परीक्षक खेळवत होते त्या पिसाकडे पाठ करून. तिसऱ्या परीक्षक बाईंनी त्याला घाई केली नाही. आधी टेबलाच्या खांबावर नखं घासू दिली, मग दोन्ही हात त्या गादीत खोल घालून बरगड्या, छाती, पाठीची लांबी चाचपली. शंभरातले पस्तीस गुण अंगाचे, तीस डोक्याचे आणि कोटाचे फक्त वीस, हे मी वाचलं होतं, पण ते हातांनी घडताना तेव्हा पाहिलं. शेपटीवर बोटं टोकापर्यंत गेली, अगदी त्या दिवशीसारखी. अंतिम फेरीत त्याला त्यांनी आठवा क्रमांक दिला. बाकी रिंगांतून काही नाही.

सगळं आवरल्यावर मी त्यांना विचारायला गेले, काय कमी पडलं? "अंघोळ कधी घातलीत? काल ना?" मी मान हलवली. "चार दिवस आधी. हाड सुरेख आहे, अजून दोन वर्षं भरेल तो, ही जात सावकाश वाढते." मग जरा वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "आणि डाव्या बगलेत कात्री चालवलीत ना?"

परतताना तात्या पिंजऱ्यात बक्षिसाच्या फितीवर झोपला होता. तिला आता इतके केस चिकटलेत की मूळ रंग ओळखू येत नाही.