काळी एक, जाड तार आणि माझा बेसूर बेस

मागच्या सीझनला आमचे ऑर्गनवाले काका तालमीत वाजवता वाजवता थांबले आणि म्हणाले, "तुझा बेस बेसूर लागून रायला गा." सगळे हसले, मी पण हसलो, पण रात्रभर झोप नाही. कारण बेस गिटारला ट्यूनर (सूर तपासायचं यंत्र) लावून बघितला तर चारही तारा हिरव्यात, म्हणजे सुरात. मग बेसूर कुठून?

आधी थोडं मागचं सांगतो. मी ब्रह्मपुरीकडचा, घरी धानाची शेती, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत वाजवायला जातो. बेस शॉर्ट स्केलच घेतला कारण एक तर माझी बोटं आखूड, आणि दुसरं म्हणजे मोटरसायकलवर पाठीला बांधून रात्री-बेरात्री दहा-वीस किलोमीटर जायचं तर लांब बेस झाडाच्या फांद्यांत अडकतो (हसू नका, अडकला आहे). शॉर्ट स्केल म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (दुसऱ्या टोकाला तार टेकते तो मागं-पुढं सरकणारा तुकडा) तारेची लांबी साधारण ३० इंच. फेंडर कंपनीचा १९५१ चा प्रिसिजन बेस ३४ इंचांचा, तेच माप पुढे सगळ्यांनी धरलं, पण पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनसारखा दिसणारा हॉफनर ३० चाच, फेंडरचा १९६६ चा मस्टँग बेसही ३० चाच. म्हणजे हा काही पोरांचा खेळणा बेस नाही, तसं कोणी म्हटलं की मला रागच येतो.

तर ट्यूनर हिरवा, कान लाल. गोष्ट अशी की आमचे मुख्य गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी, सी शार्प) गातात. खुल्या तारा असतात ई, ए, डी, जी. काळी एकला सा धरला तर ई म्हणजे कोमल ग, ए म्हणजे कोमल ध, डी म्हणजे कोमल रे आणि जी म्हणजे तीव्र म. चारही खुल्या तारा छेडल्या की थेट तोडी राग! लावणीच्या चालीत तिचं काय करणार, म्हणून प्रत्येक सूर दाबूनच वाजवावा लागतो, सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी), खालचा प ई तारेच्या चौथ्यावर. आणि ट्यूनर आपण लावतो खुल्या तारेला. म्हणजे माझा बेस खुला सुरात होता आणि दाबला की चढत होता. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक घ्या (तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडा), मग तिथंच दाबून वाजवा, दोन्ही एक आले पाहिजेत. माझी ई तार दाबल्यावर चांगलीच चढी. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागं न्यायचा, उतरा असेल तर पुढं, हे मला माहीत होतं. म्हणून अ‍ॅलन की घेऊन बसलो आणि ई चा सॅडल मागं मागं नेत शेवटी स्क्रूच संपला. स्प्रिंग काढून अजून दोन मिलिमीटर मिळवले तरी चढाच.

इथं माझी चूक सांगतो. दोष स्क्रूत नव्हताच. नागपूरला एका दुकानात मी तारा मागितल्या तेव्हा तिथला माणूस म्हणाला, "बेसची तार म्हणजे बेसची तार, जास्तीची कापून टाक." तो सेट होता ३४ स्केलचा, जाडी ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग). लांब स्केलच्या तारेचा जाड भाग लांब असतो, खुंटीजवळ आल्यावर ती बारीक होते. ३० च्या बेसवर ती बारीक व्हायच्या आधीच खुंटी येते, त्यात ई ची खुंटी नटच्या अगदी जवळ, म्हणून पूर्ण जाडीची तार मी खुंटीवर पिळून पिळून बसवली. बाहेरचं वेटोळं सुटलं, तार आतून मेली, आवाज पोत्यावर काठी मारल्यासारखा. आणि बसवताना तारेला जो पीळ पडला तोही राहिला, असल्या तारेला इंटोनेशन (दाबलेले सूरही खरे येणं) लागतच नाही, कितीही स्क्रू फिरवा.

मग मी आणखी शहाणपणा केला. तार ढिली वाटते ना, तर जाड टाकू! हिशोब खरा होता. त्याच सुराला ताण लांबीच्या वर्गावर जातो, ३० भागिले ३४ चा वर्ग ०.७८, म्हणजे सारखीच तार ३० वर जवळपास २२ टक्के ढिली. म्हणून ऑनलाइन ११० ची ई मागवली, कुरिअर गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणली. ताण मिळाला, सूर अजूनच बिघडला. कारण जाड तार ताठ असते, सॅडलपाशी आणि फ्रेटपाशी ती लगेच वाकत नाही, जितकी लांबी दिसते तितकी खरी हलत नाही. हलणारी लांबी कमी, सूर चढा. लांब बेसवर हा तुकडा एकूण लांबीत खपून जातो, आखूडवर नाही खपत. ती ११० ची तार आता आईनं वालाच्या मांडवाला बांधली आहे, तिथं तिचा ताण एकदम बरोबर आहे.

शेवटी मोजपट्टी घेतली. तारेच्या टोकाचा गोळा ब्रिजमध्ये (सॅडल बसवलेली पट्टी) जिथं अडकतो तिथून नटपर्यंत माझ्या बेसवर साडेएकतीस इंच. जाड भाग नटच्या थोडा पुढं जाऊन खुंटीच्या आधी संपायला हवा. मग डॅडारिओचा शॉर्ट स्केलचा ४५-१०० सेट घेतला. बसवताना तार मोकळी सोडून पीळ काढला, कापायच्या आधी जिथं कापायची त्याच्या अलीकडं काटकोनात वाकवली (नाहीतर वेटोळं सुटतं), सुरात आणल्यावर सॅडलच्या पुढं आणि नटच्या पुढं अंगठ्यानं हलकंच दाबून तारेला नीट कोन दिला. फक्त तेवढ्यानं बाराव्या फ्रेटवरचा अर्धा फरक गेला! बाकीचा सॅडलनं, आणि या वेळी स्क्रू शिल्लक राहिला.

पहिल्या दोन-तीन फ्रेटवर अजून थोडा चढा वाटत होता, तिथं सॅडलचा काही संबंध नाही, नटची खाच उंच होती. ती मी स्वतः घासली नाही, जास्त घासली गेली तर नट बदलावा लागतो, गिटारवाल्याकडून करून घेतली. आणि हो, मोबाईलच्या ट्यूनरवर ई तार भटकते, ४१ हर्ट्झ त्या माईकला नीट ऐकूच येत नाही, मी बाराव्याच्या हार्मोनिकवर लावतो. पावसाळ्यात नेक फुगून तारा वर येतात, उंच तार दाबली की जास्त ताणते आणि परत चढते, म्हणून सेटिंग मी दिवाळीच्या आधी एकदा करतो, जूनमध्ये हात लावत नाही.

सातव्या फ्रेटवर ई अजून केसभर चढी आहे. तिथं मी बोट हलकं ठेवतो, जोरात दाबायची सवय ढिल्या तारेवर महागात पडते. काका परवा काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली. आता फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या तारांचे सेट) टाकून बघायचा विचार आहे. शॉर्ट स्केलवर कोणी वाजवले असतील तर सांगा, पण ब्रिज ते नट तुमचं माप किती आलं ते आधी लिहा.