तुम्ही विचारलंत म्हणून: टीबी बरा झाला, मग खोकला का?

‘कोर्स पूर्ण झाला ना? मग अजून खोकतेस का?’ गेली चार वर्षं हे मला लिफ्टमध्ये, लग्नात, डोंबिवलीच्या पुलावर, सगळीकडे विचारलं जातंय. तोंडी सांगताना मध्येच दम लागतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

कोर्स पूर्ण केला. दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. एकही गोळी चुकवली नाही. जंतू मेले. पण त्याआधी त्यांनी उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग कुरतडला होता, तिथे आता व्रण आहे. शेजारच्या श्वासनलिका रुंद आणि सैल झाल्यात, त्यांत कफ साचतो. तो रोज सकाळी कुशीवर झोपून, खोकून काढावा लागतो. गोळ्यांनी व्रण जात नाही. स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत जोरात फुंकायच्या तपासणीत, पहिल्या सेकंदाला माझी हवा अपेक्षेच्या ५८ टक्केच बाहेर पडते. आणि ही तपासणी मला कोर्स संपल्यावर दोन वर्षांनी सांगितली गेली. तोवर मीही सगळ्यांना ‘संपलं ते’ म्हणत पेढे वाटून बसले होते.

दादाच्या मुलाचं बारसं त्या दोन वर्षांतलंच. सख्खी आत्या मी एकटी, कानात नाव सांगायचा मान माझा. पाळण्यावर वाकले. बाळाच्या टाळूला तेलाचा आणि वेखंडाचा वास होता. ‘कुर्रर्र’ म्हणायला तोंड उघडलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. तिसऱ्या धपाट्याला आतला कफ सुटला. पदर तोंडात कोंबला, तरी खोकला आलाच. वहिनीने बाळाच्या तोंडावर हात धरला. बोलली काहीच नाही. तिची आई म्हणाली, ‘तुम्ही जरा बसा हो, नाव मावशी सांगेल.’ मावशीने सांगितलं. मी स्वयंपाकघरात घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी उभी राहून, नळ सोडून खोकत होते. आईने पाणी आणून दिलं. मी प्यायले, तर तिने तो पेला उचलून ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला. कोर्सच्या सहा महिन्यांत ठेवायची तसा.

पुष्कळ दिवस मी मनात भांडत होते. मी निगेटिव्ह आहे, माझ्यापासून कुणाला काही होत नाही!

पण खरं सांगायचं तर बारशाआधी माझं तीन किलो वजन उतरलं होतं, आणि ते मी कुणाला बोलले नव्हते. कोर्सनंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं असतं, त्यातल्या दोन वेळा मी चुकवल्या. पुन्हा त्या रांगेत बसवत नव्हतं. टीबी उलटतो, हे मला ठाऊक होतं. म्हणजे त्या दिवशी मी निगेटिव्ह आहे की नाही, हे माझं मलाच माहीत नव्हतं.

बारशानंतर थुंकी दिली. झटपट होणाऱ्या तपासणीत मेलेले जंतूही दिसू शकतात, म्हणून कल्चर लावलं, त्यात जिवंत जंतूच वाढतात. सहा आठवडे वाट पाहिली. निगेटिव्ह आलं. रिपोर्ट दादाला दाखवला, वहिनीला नाही. का नाही, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तिचा हात चुकला का? कधी वाटतं, तिच्या जागी मीही तेच केलं असतं. कधी रात्री खोकून उठते, तेव्हा असं अजिबात वाटत नाही. पण नाव मी सांगायला हवं होतं. तोंडाला मास्क लावून का होईना.