इसेच्या देवळाशेजारची मोकळी जागा

"२०३३ ला हा सोळा वर्षांचा असेल," नातवाच्या डोक्यावर हात ठेवून ते आजोबा म्हणाले. समोर होतं काय? नुसती खडी पसरलेली मोकळी जागा आणि मधोमध एक लहानशी लाकडी खोपटी.

जपानचं इसे जिंगू, शिंतो धर्माचं देवस्थान. इथलं मुख्य देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर जसंच्या तसं नव्याने बांधतात. सुरुवात इ.स. ६९० ची. मधे लढायांच्या धामधुमीत शंभराहून जास्त वर्षं खंड पडला, तरी २०१३ ची खेप ६२वी होती. हिनोकीचं (जपानी सायप्रसचं) लाकूड, गवताचं छप्पर. जुन्या देवळाचे मोठे खांब तासून देवळाकडे जाणाऱ्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांना तोरी, म्हणजे प्रवेशकमानी, म्हणून उभे करतात. किती जपून वापरतात ही माणसं!

मला राहून राहून वाटतंय ते सुतारांबद्दल. एका खेपेचा शिकाऊ पोरगा पुढच्या खेपेला मिस्त्री असतो. हात रिकामा राहतच नाही.

आपल्या कोकणात मात्र जीर्णोद्धार म्हटलं की लाकडी सभामंडप उतरवून स्लॅब टाकतात. फार जीव तुटतो.

तुमच्या गावच्या देवळाचे कोरीव खांब पुन्हा घडवू शकेल असा सुतार आहे का कुणी माहितीतला?