हार्पसिकॉर्डच्या स्पर्धेत उतरले तेव्हा: माझा अनुभव

मागच्या वर्षी बेल्जियममधे तरुण वादकांसाठी जुन्या कीबोर्ड वाद्यांची स्पर्धा होती, त्यात मी हार्पसिकॉर्ड वाजवलं. तेव्हापासून ओळखीतले काही आईबाबा विचारतात की आमची मुलगी पियानो वाजवते, तिला हे करायचंय, तर असतं कसं हे सगळं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी लहानपणी पुण्यात पेटी शिकले, मग आम्ही नेदरलँड्सला आलो, आता द हेगला राहतो, इकडे आधी पियानो आणि नंतर हार्पसिकॉर्ड. पेटीचं मुद्दाम सांगतेय कारण तिचा विषय पुढे येणारच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पियानोत हातोडी तारेवर आपटते, हार्पसिकॉर्डमधे पट्टी दाबली की एक लाकडी जॅक वर उचलला जातो आणि त्यातली छोटीशी नखी तार छेडते. त्यामुळे पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच येतो. मग भाव आणायचा कशातून, तर वेळेतून. एखादा स्वर किंचित उशिरा लावायचा, आधीचा थोडा जास्त धरून ठेवायचा, कुठे अगदी बारीकशी फट सोडायची. पियानोवरून येणाऱ्या मुलांना हेच सगळ्यात जड जातं, मलाही बरेच महिने गेले त्यात.

आता फॉर्म. वय, शिकवणाऱ्यांचं पत्र, कार्यक्रम आणि प्रत्येक तुकड्याची मिनिटं, हे सगळीकडेच असतं. पण इथे पुढे विचारतात की तुम्हाला वाद्य कोणतं हवं (इटालियन पद्धतीचं, फ्लेमिश की दोन कीबोर्डचं फ्रेंच), सुरांची उंची ४१५ की ४४० (पांढरी सहा, म्हणजे ए या स्वराची सेकंदाला कंपनं), आणि सूर कोणत्या पद्धतीने मिळवायचे. ४१५ म्हणजे काय ते पेटीवाल्यांना लगेच कळेल, पांढरी सहा दाबली की आजच्या पेटीवरची काळी चार ऐकू येते, अर्धा स्वर खाली.

सूर मिळवण्याचा प्रश्न मात्र नीट समजून घ्या कारण त्यावर कार्यक्रम ठरतो. आजचा पियानो आणि पेटी, दोन्हींमधे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यात गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा बसतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), पेटीवर गवई लोक जे आक्षेप घेत आले त्यातला हा मोठा आक्षेप, आणि आकाशवाणीने १९४० मधे पेटीवर बंदी घातली तेव्हाही पेटीच्या सुरांबद्दलची ही तक्रार चर्चेत होतीच. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात मीनटोन नावाची पद्धत चालायची, तिच्यात बारापैकी आठ स्वरांना सा धरलं तर त्यांचा गांधार एकदम शुद्ध मिळतो, पण त्याची किंमत अशी की ई फ्लॅट आणि डी शार्प हे एकच स्वर राहत नाहीत, त्यांच्यात ४१ सेंटचा फरक पडतो आणि काळी पट्टी तर एकच. म्हणजे तुमच्या कार्यक्रमात दोन्ही स्वर असतील तर मीनटोन मागून उपयोग नाही. मी पहिल्या फेरीसाठी स्वेलिंक घेतला होता, अॅमस्टरडॅमच्या आउडे केर्क या चर्चमधे आयुष्यभर ऑर्गन वाजवलेला माणूस, १६२१ मधे गेला, त्याची एक व्हेरिएशन्स (एकच धून वेगवेगळ्या रूपांत). प्रत्येक पानावर कोणती काळी पट्टी कोणत्या नावाने येते हे पेन्सिलने लिहून काढलं आणि मगच फॉर्म भरला. दुसऱ्या फेरीत बाख होता, त्याला मीनटोन चालत नाही, तिथे व्हॅलॉटी नावाची सूर मिळवण्याची पद्धत मागितली.

घरी मीनटोन लावून स्वेलिंक रेकॉर्ड केला आणि पुण्याच्या पेटीच्या सरांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "अगं, हा गांधार कुठून आणलास तू?" त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी शब्दात सांगू शकत नाही.

निवड व्हिडिओवरून होते. एकाच टेकमधे, कुठेही कट नाही, दोन्ही हात दिसले पाहिजेत. माइक वाद्याच्या फार जवळ ठेवू नका, नाहीतर जॅकची खटखट स्वरांपेक्षा जास्त ऐकू येते, आणि शक्य असेल तर दगडी चर्चमधे रेकॉर्ड करा. चर्चला ईमेल करून विचारलं तर बरेचदा हो म्हणतात.

घरी माझ्याकडे भाड्याने घेतलेलं एक कीबोर्डचं फ्लेमिश पद्धतीचं वाद्य आहे. आणि रात्री सरावाला क्लॅव्हिकॉर्ड, हेही जुनं कीबोर्ड वाद्य, त्याचा आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीत बाबा झोपलेले असले तरी चालतं. पण स्पर्धेत यातलं काहीच बरोबर नेता येत नाही, तिथे त्यांचं वाद्य, आणि माझ्या मते खरी परीक्षा हीच आहे. प्रत्येक हार्पसिकॉर्डचा कीबोर्ड वेगळा, नखी तारेला कितव्या मिलिमीटरला लागते ते वेगळं, फ्रेंच पद्धतीच्या वाद्यांवर पट्ट्या पियानोपेक्षा थोड्या अरुंद असतात आणि पुष्कळदा काळं पांढरं उलटं असतं. आम्हाला आधी फक्त पाव तास मिळाला. माझ्या टीचरनी सांगितलं होतं की त्या वेळात कार्यक्रम वाजवायचाच नाही. फ्रांस्वा कूपरॅंने १७१६ मधे हार्पसिकॉर्ड वाजवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात आठ प्रील्यूड (सुरुवातीला वाजवायचे छोटे तुकडे) दिलेत आणि म्हटलंय की यांनी बोटं मोकळी होतात आणि ज्यावर आधी कधी हात ठेवला नाही असा कीबोर्ड अजमावता येतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला माझी अडचण बरोबर माहीत होती! मी त्यातलंच एक घेतलं, अगदी सावकाश, पट्टी दाबताना नखी तारेला टेकते तो क्षण बोटाला कळेपर्यंत, आणि मग पट्टी सोडताना तार कधी गप्प होते तेही. शेवटची दोन मिनिटं नुसते लांब स्वर वाजवून हॉल ऐकला. गूंज जास्त होती म्हणून स्वेलिंकची लय थोडी उतरवायची हे तिथेच ठरलं.

बाकीची काही मुलं त्यांच्या पाव तासात अख्खा तुकडा पळवत होती, मला ते बघून खरंच वाईट वाटत होतं, कारण हात तयार होते त्यांचे.

पहिल्या फेरीत फिगर्ड बासची चाचणीही होती. डाव्या हाताची फक्त खालची ओळ छापलेली असते, वर ६, ७, ४-३ असे आकडे, आणि त्यावरून उजव्या हाताने जागच्या जागी स्वर भरायचे, समोर रेकॉर्डर (एक प्रकारची बासरी) वाजवणारा. इथे मला पेटीच्या साथीचा फार उपयोग झाला. गाणारा श्वास कुठे घेणार, तो थांबला की आपण किती भरायचं आणि कधी हात आखडायचा, हे सरांनी लहानपणीच अंगात मुरवलं होतं. परीक्षकांच्या कागदावर या भागाबद्दल सगळ्यात चांगलं लिहून आलं.

दुसऱ्या फेरीच्या आधी हॉलमधे लोक भरले, हवा गरम झाली आणि वरचे सूर सरकले, त्यात एक जॅकही अडकायला लागला. ट्यूनर आले, सगळं थांबवून शांतपणे नीट केलं आणि मला म्हणाले की घाई नाही, आधी ऐकून बघ. म्हणून सांगते, ट्यूनरशी ओळख करून घ्या, त्यांना त्या वाद्याबद्दल जेवढं माहीत असतं तेवढं तिथे कोणालाच नसतं.

दुसऱ्या फेरीत बाखच्या आधी लुई कूपरॅंचं (फ्रांस्वाचा काका) एक प्रील्यूड होतं, ज्यात ताल लिहिलेलाच नाही, नुसते गोल स्वर आणि त्यांना जोडणाऱ्या लांब वक्र रेषा. ते मनासारखं झालं. बाख ठीक. मी फायनलला गेले नाही. नंतर परीक्षक प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटं बोलले, मला म्हणाले की बाखच्या सराबांदमधे (संथ नाचाच्या तुकड्यात) खालची ओळ गाऊन बघ, तू ती वाजवतेस पण ऐकत नाहीस. आता रोज तेच करते, डाव्या हाताची ओळ आधी गाते, मग वाजवते.

मुलांना यात घालायचं असेल तर लगेच वाद्य विकत घेऊ नका. जवळच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) अर्ली म्युझिक, म्हणजे जुन्या युरोपीय संगीताचा विभाग असेल तर तिथे विचारा, वाद्य बनवणारे लोक भाड्यानेही देतात, आणि पहिल्या महिन्यापासून स्वतः सूर मिळवायला शिकवा, निदान ऑक्टेव्ह आणि पंचम तरी. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म मी भरलाय, या वेळी सतराव्या शतकातला संगीतकार फ्रोबर्गर आहे.