माझा अनुभव: अबार्थ पुंटो ट्रॅकसाठी ट्यून करताना

डायनोच्या (गाडी रोलरवर पळवून चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) स्क्रीनवर ११२ बीएचपी आकडा आला तेव्हा मी ऑपरेटरला म्हटलं, परत एकदा मारा, काहीतरी चुकलंय. परत मारलं तर ११०. माझी गाडी अबार्थ पुंटो, १.४ टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीचा आकडा १४५ बीएचपी आणि २१२ एनएम. आता हे झाले इंजिनचे आकडे, चाकापर्यंत येताना गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्ट आपला वाटा घेतातच, म्हणजे चाकावर १२२-१२५ आले असते तरी मी खूश झालो असतो. पण ११२? म्हणजे गाडी आजारी होती आणि मी वर्षभर ती तशीच पळवत होतो, वर त्याच आजारी इंजिनवर एक रिमॅपपण (ईसीयूमधली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली, मॅपची फाइल बदलणं) टाकून झाला होता.

आधी त्या रिमॅपचं सांगतो. गाडी २०१६ ची, मी सेकंड हँड घेतली तेव्हा ६१ हजार किलोमीटर झालेले. ही गाडी ऑक्टोबर २०१५ मधे आली, आपल्या रांजणगावला बनायची, त्या काळात दहा लाखाच्या आत १४५ बीएचपी देणारी हॅचबॅक दुसरी नव्हतीच, त्यामुळे शाळा-कॉलेजच्या वयापासून डोक्यात बसलेली. घरात आल्यापासून आई तिला विंचूच म्हणते, पुढच्या बिल्ल्यावर विंचू आहे म्हणून. मला कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर टाइम अटॅक करायचं होतं, म्हणजे ट्रॅकवर एकेकटी गाडी घड्याळाविरुद्ध, कोणाला धडकायचं नाही की ओव्हरटेक नाही, हौशी माणसाला सुरुवात करायला यापेक्षा बरं काही नाही. तर एका ट्यूनरकडे गेलो, त्याने ओबीडी पोर्टला (ईसीयूशी जोडायच्या सॉकेटला) केबल लावली, पाऊण तासात फाइल टाकली, पैसे घेतले, गाडी हातात. एक लॉग (चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) नाही, प्लग काढून बघणं नाही, कुठलं पेट्रोल भरतोस हेसुद्धा विचारलं नाही. पहिले दोन दिवस मजा आली आणि तिसऱ्या दिवशी खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमधे पूर्ण थ्रॉटल दिला तर बॉनेटखालून बरणीत खडे हलवल्यासारखा आवाज. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन ठिणगीच्या तालाबाहेर स्फोटासारखं पेटणं. पाय काढला तो काढलाच. दुसऱ्या दिवशी जाऊन स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल परत टाकून घेतली. नशिबाने त्याने मूळ फाइल वाचून ठेवली होती. ती फाइल स्वतःकडे पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय कोणालाही ईसीयूला हात लावू देऊ नका, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो.

मग चिंचवडच्या आमच्या मिस्त्रींकडे गेलो, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आयुष्य फियाटवर गेलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, ताप कशानं येतोय ते बघितलं नाही आणि टॉनिक पाजून मोकळा झालास. गाडी ठेवून जा दोन दिवस."

पहिलं काम कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. चारही सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआयच्या मधे आले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. टर्बो पेट्रोलला नॉकिंग झालं की पिस्टनच्या रिंगा बसायच्या कडा तुटतात, आणि तसं झालं असतं तर एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली दिसला असता. म्हणजे इंजिन आतून ठणठणीत होतं, आजार बाहेर होता.

मी लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन हे ईसीयू वाचायचं सॉफ्टवेअर टाकलं, सत्तावीसशेला केबल घेतली आणि रात्री रस्ता रिकामा असताना लॉग काढले. त्यात एक गोष्ट लगेच दिसली, ईसीयू जेवढा बूस्ट (टर्बोने दाबून आत ढकललेल्या हवेचा दाब) मागतोय आणि जेवढा प्रत्यक्ष मिळतोय त्यात साडेचार हजार आरपीएमला जवळजवळ पाव बारचा फरक, आणि वेस्टगेटची (टर्बोचा जोर आवरणाऱ्या झडपेची) ड्यूटी वर वर चाललेली. म्हणजे ईसीयू टर्बोला ओरडून सांगतोय अजून दे, अजून दे, टर्बो बिचारा अजून जोरात फिरतोय, पण हवा मधेच कुठेतरी गळतेय.

अण्णांनी स्मोक टेस्ट लावली. टर्बोच्या तोंडाला एक झाकण बसवून आत धूर सोडायचा आणि बॉनेट उघडून बघत बसायचं. पाच मिनिटं काहीच नाही. मग अण्णा म्हणाले लाइट बंद करा, आणि मोबाइलचा टॉर्च खालून तिरका धरला, तेव्हा इंटरकूलरच्या (टर्बोने तापवलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) गरम बाजूच्या होजमधून, क्लिपच्या अगदी कडेला, उदबत्तीसारखी एक बारीक धुराची रेघ वर येताना दिसली. होज काढला आणि उलटा वाकवला तर नखाएवढी चीर. नुसती बघून कधीच दिसली नसती कारण क्लिप तिच्यावरच बसलेली, आणि बूस्ट आला की होज फुगून चीर उघडायची. शिवाय डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल सोडला की जास्तीचा बूस्ट वळवणाऱ्या झडपेचा) आतला रबरी पडदा पण एका बाजूने फाटलेला निघाला. दोन्ही मिळून खर्च साडेपाच हजाराच्या आत.

इथे मला जे कळलं ते नीट सांगतो कारण मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. हवा गळते म्हणून टर्बोला जास्त फिरावं लागतं, जास्त फिरला की तो हवा जास्त तापवतो, तापलेली हवा सिलिंडरमधे गेली की नॉकिंगची शक्यता वाढते, नॉक सेन्सरने ते ऐकलं की ईसीयू स्पार्क उशिरा टाकतो, स्पार्क उशिरा म्हणजे ताकद कमी आणि एक्झॉस्ट अजून गरम. एका चिरेपायी हे सगळं चक्र. आणि त्यावर ज्याने रिमॅप टाकला त्याने याच थकलेल्या टर्बोकडून अजून बूस्ट मागितला. स्टॉक मॅपवर माझ्या लॉगमधे तिसऱ्या सिलिंडरचं स्पार्कचं टायमिंग ६ डिग्री मागे घेतलेलं दिसत होतं, एकट्या गळतीपायी. रिमॅपवर किती होतं देव जाणे.

होज आणि व्हॉल्व्ह बदलून परत डायनोवर गेलो. १२३. मॅपला हात न लावता ११ बीएचपी परत आले. त्या दिवशी अण्णांना पेढे दिले.

मग पुढची कामं भराभर झाली. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलला कारण आधीच्या मालकाकडे कसलाच हिशेब नव्हता. प्लग एक रेंज थंड (उष्णता लवकर सोडणारे) घेतले आणि गॅप ०.६५ मिमी ठेवला, बूस्ट वाढला की मोठ्या गॅपवर ठिणगी विझते म्हणून. बंपरमागे मोठा इंटरकूलर बसवला, हा सगळ्यात महाग पडला पण पैसे सगळ्यात जास्त इथेच वसूल झाले असं माझं मत आहे. मे महिन्यात स्टॉक इंटरकूलरवर लागोपाठ तीन पुल (पूर्ण थ्रॉटलची एकेक धाव) मारले की आत जाणारी हवा ७१ डिग्रीला जायची, नवीनवर तेच ४९. ब्रेक फ्लुइड आणि पुढचे पॅड पण बदलले. एक्झॉस्ट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावला नाही.

पेट्रोलवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. मला वाटत होतं इंडियन ऑइलच्या एक्सपी१०० पेट्रोलवर ट्यून करू, पुण्यात ते २०२० च्या डिसेंबरपासून मिळतंय, १०० ऑक्टेन म्हणजे नॉकिंगची काळजी मिटली. दुसरा जो ट्यूनर गाठला तो म्हणाला, "तुम्ही कोइमतूरला जाणार, बाराशे किलोमीटर, वाटेत आणि तिथे तेच मिळेल याची खात्री देता का? एकदा टाकीत ९१ ऑक्टेनचं पडलं आणि मॅप १०० चा असला तर इंजिन गेलंच." पटलं. म्हणून ९५ वर मॅप केला आणि १०० मिळालं तर ती वरची शिल्लक समजायची.

दुसरी गोष्ट ई२०, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. आपली गाडी जुनी, तिच्या मॅपमधे वीस टक्के इथेनॉलचा हिशेबच नाही. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा पट, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. लॉगमधे लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात स्वतःहून करतो ती टक्केवारीतली दुरुस्ती) अधिक ७ दाखवत होता तो निम्म्याहून जास्त यानेच. क्रूझिंगला सेन्सर हे सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला मॅपमधला आकडाच चालतो, तिथे गाडी लीन (हवेच्या मानाने इंधन कमी) झाली की संपलं. म्हणून आम्ही एअर-फ्युएल रेशो न बघता लॅम्डा बघत होतो (पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा म्हणजे १, त्याखाली म्हणजे इंधन जास्त), पेट्रोल कुठलंही असो लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. पूर्ण लोडला ०.८२ ठेवला आणि इंजेक्टर ८६ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे राहत नाहीत ना हे तपासलं.

ट्यूनिंगला अख्खा दिवस गेला, १४ पुल. प्रत्येक पुलनंतर पंखा लावून गाडी थंड करायची, लॉग बघायचा, एका जागी थोडंसं बदलायचं, परत. मी आधीच सांगून ठेवलं होतं की टॉर्क मर्यादेत ठेवा, गिअरबॉक्स पाच स्पीडचा आहे आणि या गाडीचे पार्ट आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे खालच्या आरपीएमला बूस्ट स्टॉकच्या जवळच ठेवला आणि साडेचार हजारांच्या पुढे जिथे स्टॉक मॅप बूस्ट सोडत जातो तिथे तो धरून ठेवला. शेवटचा आकडा चाकावर १४८. यापेक्षा दहा-बारा सहज निघाले असते, ट्यूनरने स्क्रीनवर दाखवलं पण, तिथे तिसरा सिलिंडर परत ३ डिग्री मागे जायला लागला होता. आम्ही दोघंही एकदमच नको म्हणालो.

ट्रॅकचा मॅप वेगळा आणि रस्त्यावर स्टॉक, हे मी पाळतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि ट्रॅकची मस्ती ट्रॅकवर हे मला मनापासून पटतं. पेट्रोल ९५ चं, मॅप स्टॉक, असं कोइमतूरपर्यंत गेलो. वाटेत मुक्काम हुबळीला.

कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. छोटा वाटतो पण गाडीला श्वास घ्यायला जागाच नाही, त्यामुळे उष्णता साठत जाते. स्क्रूटिनीला (ट्रॅकवर जाण्याआधीच्या तपासणीला) टो हुक, बेल्ट, हेल्मेट, ऑइल गळती सगळं तपासलं, डिकीतली स्टेपनी आणि जॅकसुद्धा काढून ठेवायला लावला. पहिल्या सेशनला मी स्टॉक मॅपच ठेवला, ट्रॅक समजून घ्यायला. दुपारी पॅडॉकमधे सावलीला बसून दुसरी फाइल टाकली, बारा मिनिटं लागली, ती बारा मिनिटं बॅटरीला चार्जर लावून मी जागेवरून हललो नाही.

दुसऱ्या सेशनला सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमधे गाडी आधी जिथे दमायची तिथे ओढतच राहिली. लॅप १.९ सेकंदांनी कमी झाला. यातला काही भाग माझा हात बसल्याचा आहे, सगळं श्रेय मॅपला देणार नाही. चार लॅपनंतर ब्रेक पेडल लांब जायला लागलं तेव्हा पाचवा लॅप हळू मारून आत आलो. आमच्या क्लासमधे अकरा गाड्यांत सहावा आलो.

संध्याकाळी इंजिन हाताला सोसेल एवढं गार झाल्यावर प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा सगळ्यात आधी. चिनीमाती पांढरट-तपकिरी, त्यावर काळे ठिपके नाहीत की ॲल्युमिनियमची चमक नाही, म्हणजे नॉकिंगची खूण नाही, बाकीच्या तिघांसारखाच. फोटो काढून अण्णांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बरंय. येताना सावकाश ये, स्टॉकवर."